दीवच्या बदल्यात गेंडा

अफोंसो द अल्बुकर्कला दीव हवं होतं. त्याला मिळाला गेंडा.

१५१० साली आदिलशाहीकडून गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकलं, तरी पोर्तुगीजांच्या या गव्हर्नरच्या मनात एक सल उरलीच होती. गुजरातच्या सुलतानाचं दीव बंदर अजून त्याच्या हाती आलं नव्हतं. तांबड्या समुद्राकडे जाणारा गुजराती व्यापार तिथून चाले, जकात तिथं गोळा होई. १५०९मध्ये दीवच्या समोर समुद्रात पोर्तुगीजांनी मोठी लढाई जिंकली होती, पण बंदर सुलतानाकडेच राहिलं. लढून मिळत नाही ते बोलून मिळतं का पाहावं, म्हणून १५१४च्या सुरुवातीला अल्बुकर्कनं दियोगु फर्नांदिश द बेजा आणि जेम्स तेशेरा या दोघांना वकील म्हणून गुजरातेत धाडलं. मागणी एकच होती, दीवला किल्ला बांधायची परवानगी.

सुलतान मुझफ्फर शाह दुसरा हा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दीवचा कारभारी मलिक अयाझ पोर्तुगीजांना पुरतं ओळखून होता आणि दीव त्यांच्या घशात घालायला त्याचा ठाम विरोध होता. सुलतानानं वकिलांचं आगतस्वागत केलं, त्यांची बोलणी ऐकली आणि दीव दिलं नाही. पण परक्या दरबारच्या वकिलांना रिकाम्या हातानं परत पाठवणं रीतीला धरून नव्हतं. त्यांच्याबरोबर जे नजराणे रवाना झाले, त्यांत एक जिवंत गेंडा होता. त्याच्यासोबत त्याला सांभाळणारा माणूसही आला. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव ‘ओसेम’ असं लागलेलं आहे.

गेंडा गोव्यात उतरला आणि अल्बुकर्कपुढे पेच उभा राहिला. मांडवीच्या काठी नुकत्याच वसू लागलेल्या ठाण्यात, जिथं तटबंदी, दारूगोळा आणि घोड्यांचा व्यापार यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती, तिथं हे धूड बांधायचं कुठं आणि पोसायचं कशाला? भारतीय गेंड्याचा पूर्ण वाढलेला नर दोन टनांच्या घरात जातो. त्याला दिवसभर चारा लागतो, लोळायला चिखल लागतो, आणि बिथरला तर आवरायला साखळदंडही अपुरे पडतात. अल्बुकर्कनं सोपी वाट काढली. वकिलातीच्या अपयशाचा हा पुरावा त्यानं आपल्या राजाला भेट म्हणून लिस्बनला पाठवून दिला.

राजा मानुएल पहिला अशा भेटींचा भुकेलाच होता. त्याचं राज्य युरोपच्या एका कोपऱ्यात होतं आणि लोकसंख्येनं लहान होतं. वास्को द गामाच्या सफरीनंतर मसाल्याचा पैसा लिस्बनमध्ये वाहू लागला, पण पैसा पेटीत राहतो आणि हत्ती रस्त्यावरून चालतो. आपल्या जहाजांचा पल्ला कुठवर पोचला आहे हे कॅस्टिलच्या वकिलाला, फ्लोरेन्सच्या सावकाराला आणि लिस्बनच्या मासेवाल्याला एकाच वेळी दाखवायचं, तर जनावरांसारखा दाखला नाही. मानुएलच्या पदरी भारतातून आणलेले हत्ती होते, चित्ते होते, आफ्रिका आणि ब्राझीलचे पक्षी होते. राजा शहरातून बाहेर पडला की हत्ती त्याच्या स्वारीत असत. जरीची झूल घातलेला एक इराणी घोडाही असे आणि त्याच्या पाठीवर शिकारी जनावर बसवलेलं असे. लिस्बनच्या गल्ल्यांत राजाचं साम्राज्य असं चार पायांवर फिरत होतं.

१५१५च्या जानेवारीत मसाल्यानं भरलेली तीन जहाजं भारताच्या किनाऱ्यावरून निघाली. त्यांतल्या ‘नोसा सेन्योरा द आजुदा’ या जहाजावर गेंडा होता. कप्तान होता फ्रान्सिश्कु परेरा कोतिन्यु. वाटेत मोझांबिक, सेंट हेलेना आणि अझोर्स अशा विसाव्याच्या जागा. बाकी चार महिने फक्त पाणी. त्या काळच्या गलबतावर माणसांनाच पाय पसरायला जागा मिळत नसे. मिरीच्या राशींमध्ये, डोलणाऱ्या लाकडी तक्तपोशीवर साखळदंडांत जखडलेल्या या जनावराला हिरवा चारा कुठून मिळणार? त्याला मुख्यतः भात खाऊ घालत. चिखलात लोळायची सवय असलेली कातडी खाऱ्या वाऱ्यात सुकत असणार. तरीही ते जगलं. त्या काळी भारताच्या वाटेवर निघालेल्या धडधाकट खलाशांपैकीही कित्येक जण परत येत नसत. तेव्हा गेंडा लिस्बनला जिवंत पोचला, यात ओसेमच्या हातगुणाचा वाटा नक्की मोठा असला पाहिजे.

२० मे १५१५ रोजी जहाज तेजू नदीच्या मुखात शिरलं. नदीकाठी बेलेंचा बुरूज तेव्हा बांधून व्हायचा होता. पुढं तो पुरा झाला तेव्हा त्याच्या एका टेहळणी-बुरुजाच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलं गेलं. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसानं ते बरंच झिजलं आहे, पण माहितगाराला आजही ओळखू येतं.

रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. हजाराहून जास्त वर्षं हा प्राणी तिथल्या लोकांना केवळ पोथ्यांतून ठाऊक होता आणि पोथ्यांमध्ये सर्वांत वजनदार शब्द होता प्लिनीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या या रोमन ग्रंथकारानं लिहून ठेवलं होतं की गेंडा हा हत्तीचा जन्मजात वैरी. तो दगडावर शिंग घासून धार लावतो आणि हत्तीच्या पोटाखाली शिरून मऊ भाग फाडतो. विद्वान हे पिढ्यानपिढ्या घोकत आले होते. आता मानुएलकडे हत्ती होता आणि गेंडाही होता. प्लिनी खरा की खोटा, हे ठरवायची अशी संधी एकाही ख्रिस्ती राजाला मिळाली नव्हती.

३ जून १५१५ हा दिवस ठरला. जागा नदीकाठच्या रिबैरा राजवाड्याशेजारचं भिंतीआडचं पटांगण. राजा, राणी मारिया, दरबारच्या स्त्रिया, सरदार आणि परदेशी पाहुणे सज्जांत दाटीवाटीनं बसले. गेंड्याला आधीच आणून भिंतीवरच्या गालिचांच्या पडद्याआड उभं केलं होतं. मग एक कोवळा, सुळे अजून आखूड असलेला हत्ती आणला. पडदा बाजूला झाला. ओसेमनं साखळी सैल सोडली तसा गेंडा मान खाली घालून, जमीन हुंगत, सावकाश पुढं निघाला. नाकपुड्यांतून येणाऱ्या त्याच्या फुत्कारांनी खालची धूळ उडत होती असं वर्णन आहे. हत्तीची त्याच्याकडे पाठ होती. तो वळला, समोरचं ध्यान पाहिलं, जोरानं चीत्कारला आणि लढायचं नाव न घेता थेट खिडकीकडे धावला. खिडकीला लोखंडी गज होते. ते त्यानं डोक्यानं वाकवले, बाहेर पडला आणि लोकांना उधळत शहरातून पळत सुटला तो रोसियु चौकाजवळच्या आपल्या ठाणावर जाऊनच थांबला. माहूत मागे राहिला.

ही हकिगत सांगणारा दामियांव द गोइश त्या वेळी मानुएलच्या दरबारात सेवेला ठेवलेला पोरसवदा मुलगा होता. पुढं तो मोठा मानवतावादी विद्वान झाला आणि मानुएलच्या कारकिर्दीची बखर त्यानंच लिहिली.

प्लिनी जिंकला, असं लिस्बनमध्ये जाहीर झालं. एका बिथरलेल्या पोरसवदा हत्तीवरून काढलेला निष्कर्ष तो. दहा वर्षांनी, १५२५च्या हिवाळ्यात, हिंदुस्तानावर निघालेला बाबर पेशावरजवळ गेंड्यांच्या शिकारीत रमला होता. हत्ती आणि गेंडा समोरासमोर आले तर काय होईल, याचं त्यालाही कुतूहल होतं. बाबरनाम्यात त्यानं नोंदवलं आहे की माहुतांनी हत्ती पुढं घातले तेव्हा एक गेंडा नेमका त्यांच्यासमोर आला. त्यानं सामना दिला नाही, तो दुसऱ्याच दिशेला पळून गेला. बाबर जनावरांच्या मुलखात उभा होता आणि त्याला सिद्ध करायला कुठली पोथी नव्हती. जे दिसलं ते त्यानं लिहिलं. त्या वेळी पेशावरच्या परिसरात गेंडे रानात फिरत होते, हीसुद्धा त्याच्या लिखाणातून मिळणारी मोलाची माहिती आहे. आज तिथं एकही उरलेला नाही.

लिस्बनमध्ये गेंड्याची बातमी आता जनावराच्या पुढं धावू लागली होती. १३ जुलैला, म्हणजे गेंडा उतरल्यापासून आठ आठवडेही पुरे झाले नव्हते तेव्हा, जोव्हानी जाकोमो पेन्नी नावाच्या फ्लोरेन्सच्या माणसानं रोममध्ये गेंड्याच्या रूपगुणांवर कवितेची पुस्तिका छापूनही टाकली. मुखपृष्ठावर ओबडधोबड गेंडा. तिची एक प्रत कोलंबसाचा मुलगा फर्नांदो यानं विकत घेतली आणि सेव्हिलमधल्या त्याच्या ग्रंथसंग्रहात ती आजही आहे. लिस्बनमध्ये राहणारा मोरावियाचा मुद्रक व्हालेंतिम फर्नांदिश यानं न्यूरेम्बर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहिलं. लिस्बनहून गेलेलं असं एक वर्णन आणि एक कच्चं रेखाचित्र न्यूरेम्बर्गमधल्या आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडलं.

ड्यूरर त्या वेळी जर्मनीतला सर्वांत नावाजलेला चित्रकार होता. त्यानं गेंडा पाहिला नव्हता आणि पुढंही कधी पाहिला नाही. आलेल्या कागदांवरून त्यानं आधी शाईनं रेखाटन केलं, मग त्याचा लाकडी ठसा करून घेतला. चित्रातलं जनावर अंगात चिलखत घालून उभं आहे. कातडीच्या घड्यांच्या जागी लोहारानं ठोकून बसवावेत तसे पत्रे, कडांना रिबिटांसारखे ठिपके, पायांवर खवले, मागच्या भागाला करवतीसारखे दाते. नाकावर शिंग आहेच. शिवाय खांद्याजवळ पाठीवर एक छोटं, पिळदार, अगदी अनाठायी शिंगही आहे. वर मजकूर छापला आहे. त्यात गेंड्याच्या आगमनाचं साल १५१३ असं चुकीचं आहे आणि हत्तीशी वैराची प्लिनीची कहाणी बिनचूक आहे.

त्याच वर्षी आउग्सबर्गमध्ये हान्स बुर्कमायर यानंही गेंड्याचा ठसा कोरला. त्याच्या गेंड्याला चिलखत नाही, पाठीवरचं शिंग नाही, आणि पुढच्या पायांना साखळदंडाची बेडी आहे. जनावर कैदी आहे हे त्या चित्रात दिसतं. ते सत्याच्या कितीतरी जवळ आहे. बुर्कमायरच्या ठशाची आज जगात एकच प्रत शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात. ड्यूररच्या ठशाच्या प्रती मात्र त्याच्या हयातीतच हजारोंनी खपल्या असा अंदाज आहे, आणि त्याच्या मागंही ठसा झिजून त्याला भेगा पडेपर्यंत छपाई चालू राहिली. लोकांना चिलखतवाला गेंडाच पसंत पडला. राजांच्या जगात बलाढ्य प्राणी असाच दिसायला हवा होता.

मानुएलचं मन तोवर दुसरीकडे गेलं होतं. रोममध्ये लिओ दहावा पोपच्या गादीवर होता. मेदिची घराण्यातला, शिकारीचा, संगीताचा, तमाशांचा शौकीन. पूर्वेतल्या नव्या मुलखांवर पोर्तुगालचा हक्क की कॅस्टिलचा, या वादात पोपच्या शब्दाला मोल होतं. मानुएलनं त्रिश्तांव द कुन्याच्या नेतृत्वाखाली पाठवलेली वकिलात १५१४च्या मार्चमध्ये रोमला दाखल झाली होती. मिरवणुकीचा मानकरी होता भारतातून आणलेला एक फिकट रंगाचा लहान हत्ती. रोमनांनी त्याला ‘आन्नोने’ म्हणायला सुरुवात केली. सांत आंजेलोच्या किल्ल्यापाशी पोप खिडकीत उभा होता. हत्तीनं माहुताच्या खुणेसरशी तीनदा गुडघे टेकले, सोंडेनं चीत्कार केला, मग पाण्याच्या भांड्यात सोंड बुडवून जमलेल्या थोरामोठ्यांना भिजवलं. लिओ बेहद्द खूश झाला. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला निघालेल्या फर्मानात पूर्वेकडे सापडणाऱ्या मुलखांवरचा पोर्तुगालचा हक्क मान्य करण्यात आला. केवळ हत्तीमुळे फर्मान निघालं असं कुणी म्हणणार नाही, पण दरबारी वाटाघाटींत साखरपेरणी कशी करतात, याचा हा नमुना होता.

एकदा जमलेला डाव पुन्हा खेळायचा मोह कुणाला होत नाही? मानुएलनं गेंडाही पोपला द्यायचं ठरवलं. सुलतानानं अल्बुकर्कला दिला, अल्बुकर्कनं राजाला, राजानं पोपला. जनावराचा मालक दोन वर्षांत तिसऱ्यांदा बदलत होता, आणि प्रत्येक देणाऱ्याला त्या भेटीतून काहीतरी साधायचं होतं. गेंड्यासाठी हिरव्या मखमलीचा गळपट्टा शिवला गेला, त्यावर गुलाब आणि कार्नेशनची फुलं गुंफली, साखळीला सोन्याचा मुलामा दिला. १५१५च्या डिसेंबरात जुआंव द पिना याच्या जहाजावर चांदीची भांडी, मसाले आणि गेंडा चढवून ते रोमकडे रवाना झालं.

त्याच डिसेंबरच्या १६ तारखेला इकडं अल्बुकर्क होर्मुझहून परतताना गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावरच वारला. आपल्याला पदावरून काढून आपल्या विरोधकाला नेमलं आहे, ही बातमी त्याला वाटेत कळली होती. त्यानं पाठवलेली भेट राजाला पावली होती, राजाची मर्जी मात्र पावली नाही.

जहाज १५१६च्या जानेवारीत मार्सेयपाशी आलं. फ्रान्सचा तरुण राजा फ्रान्स्वा पहिला त्या भागात होता. मारिन्यानोची लढाई जिंकून तो देवदर्शनाच्या यात्रेहून परतत होता. गेंड्याची कीर्ती त्याच्याही कानावर होती. २४ जानेवारीला मार्सेयच्या समोरच्या इफ बेटावर त्यानं गेंडा पाहिला. पुढं दोनतीनशे वर्षांनी कैद्यांसाठी आणि कादंबरीसाठी प्रसिद्ध झालेलं इफ ते हेच. त्या दिवशी तिथं एका राजानं दुसऱ्या राजाच्या, तिसऱ्याला निघालेल्या भेटीचं दर्शन घेतलं.

त्यानंतर इटलीच्या किनाऱ्यालगत, पोर्तो व्हेनेरेपाशी, वादळानं जहाज गाठलं आणि ते बुडालं. गेंडा पोहू शकतो. नदीच्या पुराच्या मुलखात राहणारा हा प्राणी पाण्यात चांगलाच वाकबगार असतो. पण त्याचे पाय तक्तपोशीला साखळदंडांनी बांधलेले होते. जहाजाबरोबर तोही गेला. त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं, कातडी काढून पेंढा भरला आणि तो भुशाचा गेंडा रोमला पोचवला, अशी एक कथा नंतर पसरली. ती खरी मानायला भक्कम पुरावा नाही. पण जनावर मेलं तरी भेट पोचलीच पाहिजे, ही त्या कथेमागची समजूत त्या जगाला शोभणारी होती.

रोममधला हत्तीही फार दिवस राहिला नाही. व्हॅटिकनच्या आवारात त्याला खास ठाण होतं आणि त्याची देखभाल एका मानाच्या दरबाऱ्याकडे होती. सणावारी त्याला मिरवत. हवापाणी मानवलं नाही, बद्धकोष्ठ झालं, वैद्यांनी सोनं मिसळलेलं जुलाबाचं औषध दिलं आणि ८ जून १५१६ला तो मेला. पोपच्या लाडक्याला औषधसुद्धा पोपच्या इतमामाचं! लिओला खरोखरच दुःख झालं. राफाएलकडून त्यानं हत्तीचं हुबेहूब आकाराचं चित्र भिंतीवर काढवून घेतलं. ती भिंत आणि ते चित्र आता नाही. हत्तीला बेल्व्हेडेरेच्या चौकात पुरलं होतं. १९६२ साली व्हॅटिकन ग्रंथालयाच्या आवारात काम चालू असताना तिथं मोठी हाडं आणि दाताचे तुकडे निघाले. आधी ती कुठल्या प्राचीन प्राण्याची वाटली. पुढं उलगडा झाला की हा भारताहून पोपला नजर केलेला हत्ती.

आणि दीव? मुझफ्फर शाहनं ते दिलं नाही. त्याचा मुलगा बहादूर शाह हुमायूनच्या स्वारीनं कोंडीत सापडला तेव्हा १५३५मध्ये त्यानं पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधू दिला, आणि १५३७मध्ये त्याच दीवच्या पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. वीस वर्षांपूर्वी बापानं गेंडा देऊन जे वाचवलं ते मुलाला वाचवता आलं नाही. गेंड्याचा सौदा सुलतानाला तरी स्वस्त पडला होता.

ड्यूररचा गेंडा मात्र मरायला तयार नव्हता. फ्लोरेन्सच्या आलेस्सांद्रो मेदिचीनं तो आपलं बोधचिन्ह म्हणून घेतला. जर्मन, फ्रेंच, इंग्रज ग्रंथकारांनी प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तो जसाच्या तसा उतरवला, पाठीवरच्या शिंगासकट. १५७७मध्ये लिस्बनला दुसरा गेंडा आला, पुढं तो माद्रिदला फिलिप दुसऱ्याकडे गेला. जिवंत जनावर लोकांसमोर असतानाही पुस्तकांतला चिलखतवाला गेंडा हटला नाही. तो हटायला सुरुवात झाली ती अठराव्या शतकात, बंगालहून रॉटरडॅमला आणलेल्या क्लारा नावाच्या मादीमुळे. १७४१पासून तिच्या डच मालकानं सतराएक वर्षं तिला घोड्यांच्या गाडीतून युरोपभर फिरवलं. कातडी सुकू नये म्हणून तिला माशाचं तेल चोळत. पॅरिसला झां-बाप्तिस्त उद्रीनं १७४९मध्ये तिचं जवळजवळ पूर्णाकृती चित्र काढलं. बुफाँच्या निसर्गेतिहासात गेंडा तिच्यावरून आला. क्लारा राजाची नव्हती. पैसे मोजेल त्याला ती पाहता येई. राजांच्या जनावरखान्यांना जे अडीचशे वर्षांत साधलं नाही ते तिकीट लावणाऱ्या एका माणसाला साधलं.

या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना जनावरांची मनापासून आवड होती. पुण्याला नेमलेला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या रमण्यात गेला होता तेव्हा त्यानं पाहिलेला एक खेळ त्याच्या लिखाणातून आपल्यापर्यंत आला आहे. वाद्यं वाजू लागताच मोकळ्या कळपातून काही काळवीट, न बांधलेले, न ओढलेले, डेऱ्यापर्यंत चालत आले, सूर ऐकत थांबले आणि त्यांच्यासाठी टांगलेल्या झोपाळ्यांवर झुलले. मॅलेट दंग झाला, आणि पेशव्यांना तेच हवं होतं. परक्या वकिलाला थक्क करायचा हा दरबारी खेळ मानुएलचा तसाच सवाई माधवरावांचा. फरक इतकाच की इथं झुंजीऐवजी झोपाळा होता.

शिकारखान्यात गेंडाही होता. १७९० साली टिपूविरुद्ध कंपनी आणि पेशवे यांचा तह पुण्यात झाला, तो घडवून आणण्यात मॅलेटचा हात होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅलेटसाठी काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या पुणेरी चित्रकारानं पेशव्यांच्या गेंड्याचं चित्र काढलं. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्याला येऊन शनिवारवाड्यात चित्रशाळा निघायला अजून अवकाश होता. पुढं गंगारामनं वेल्सबरोबर वेरूळच्या लेण्यांचंही काम केलं. गेंड्याच्या चित्राला मात्र त्यानं कुणा पोथीचा, कुणाच्या पत्राचा आधार घेतला नाही. जनावर समोर होतं. त्याच्या चित्रात पाठीवर शिंग नाही, पायांवर खवले नाहीत. कातडी कातडीसारखी आहे, घड्या जिथं पडतात तिथं पडल्या आहेत. आज ते चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

दोन चित्रांची तुलना करताना प्रतिभेचा प्रश्न काढायचं कारण नाही. ड्यूरर हा ड्यूररच. त्याच्या रेषेतली ताकद अशी की खोटं असूनही ते चित्र नजरेतून जात नाही. पण ते ज्या मागणीतून जन्मलं आणि ज्या कौतुकावर जगलं, ती मागणी गेंड्याची नव्हती. मुझफ्फर शाहला एक नकार सभ्यपणे द्यायचा होता, अल्बुकर्कला अपयश झाकायचं होतं, मानुएलला आधी प्लिनीची परीक्षा आणि मग पोपची मर्जी हवी होती, छापखानेवाल्यांना अद्भुत हवं होतं. भातावर समुद्र ओलांडून आलेल्या त्या जनावराकडे, ते जसं होतं तसं, रोज पाहणारा माणूस एकच होता, ओसेम. आणि त्याला काय दिसलं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पुण्यात पावणेतीनशे वर्षांनी एका तांबटाला गेंडा पाहायचंच काम मिळालं, आणि त्यानं ते चोख केलं. राजेलोकांनी शतकानुशतकं जनावरं जमवली, मिरवली, वाटली. त्या सगळ्या खटाटोपातून प्राण्याबद्दल खरं असं जे हाती लागलं, ते बहुतेक वेळा पदरी असलेल्या अशा कुणा पगारी माणसाच्या नजरेतून लागलं.